कोजागिरीला मेन स्विच

मी घरात थोरली. थोरलेपणाचा मला तोरा आहे आणि तो मी लपवतही नाही. शिरूर तालुक्यात आमची शेतातली वस्ती, दोन भावांचं एकत्र घर. काय पेरायचं इथपासून पाहुण्यांना काय वाढायचं इथपर्यंत माझा शब्द चालतो. म्हणून मागच्या कोजागिरीला माझी जी फजिती झाली, ती मी स्वतःच सांगितलेली बरी. दुसरं कुणी सांगेल तर तिखटमीठ लावून सांगेल.

माझी धाकटी जाऊ दौंडची. रेल्वे कॉलनीत वाढलेली, वडील गँगमन. लग्न होऊन आली तेव्हा तिला शेणात हात घालता येत नव्हता, आणि रात्री गाड्यांचा आवाज नाही म्हणून झोप येत नव्हती. चौदा वर्षांत ती माझ्याहून बरी शेतकरीण झाली. संध्याकाळची धार तिची. मी चुलीपाशी आणि ती गोठ्यात, मध्ये सगळं अंगण, त्यामुळं आमच्या गप्पा मोठ्यानं चालायच्या. "वहिनी, तुमची गुपितं चार वस्त्यांना ऐकू जात्यात," असं भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, नेहमी म्हणायचे.

श्रावणात एका संध्याकाळी ती पूर्वेच्या उसाकडेला बांधलेली कालवड आणायला गेली. आमचं कुत्रं तिच्या पुढं चाललं होतं. ऊस हलला, आणि बिबट्यानं तिच्यापासून दहा पावलांवर कुत्रं उचललं. आवाजसुद्धा झाला नाही म्हणे. मी हाका मारत गेले तेव्हा ती कालवडीचं दावं धरून तशीच उभी होती. तिच्या मुठीतून ते सोडवायला मला दोन्ही हात लावावे लागले.

त्या दिवसापासून पाच वाजले की ती घरात. आतून कडी, खिडक्या बंद. धार माझ्याकडं आली. आमच्या भागात बिबट्या नवीन नाही. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जातात, पोरं घोळक्यानं शाळेत जातात, आणि तरी सगळं चालूच असतं. तिचं मात्र थांबलं ते थांबलंच. तिच्यासाठी पूर्वेचा ऊस मोडला आणि त्या रानात कांदा लावला. घोट्याएवढ्या कांद्यात लपणार कोण? पण तिनं ते रान संध्याकाळी एकदाही बघितलं नाही.

मग एक दिवस भाऊजी जमिनीकडं बघत मला म्हणाले, "वहिनी, दिवाळी झाली का आम्ही दौंडला खोली बघतो. मी जाऊनयेऊन करीन. तिला हितं ऱ्हावत न्हाई."

मी "बरं" म्हणाले आणि गोठ्यात गेले. तिथं गाईच्या आड उभी राहून पोटभर रडले. चौदा वर्षांची माझी मैत्रीण जाणार, घर मोडणार, आणि माझा शब्द चालत असूनही मला काही करता येईना, याचा फार राग आला. रडून झाल्यावर डोळे पुसले आणि ठरवलं. कोजागिरीला तिला अंगणात आणायची म्हणजे आणायची. एक संध्याकाळ बाहेर बसली की भीती मोडेल. माझी खात्रीच होती.

त्यात टीव्हीवर सांगत होते, यंदाच्या पुनवेचा चंद्र पृथ्वीच्या जवळ येणार, एरवीपेक्षा मोठा आणि लख्ख दिसणार. म्हटलं, झालं, देवच मदतीला आला.

मी कामाला लागले. गोठ्यावर एक हॅलोजन होता, स्लॅबवर एक होता, मांडववाल्याकडून आणखी दोन आणले. शेजारच्या वस्तीवरच्यांना बोलावलं. माणसं जास्त तेवढा धीर जास्त. बिबट्या आलाच तर वाजवायला दोघांच्या हातात फटाके दिले. संध्याकाळी सहाला चारी दिवे लावले तेव्हा अंगणात सुई पडली असती तरी दिसली असती. आमचे हे म्हणाले, "कोजागिरी हाय का क्रिकेटची मॅच?" मी लक्ष दिलं नाही.

दूध चुलीवर चढवलं. सगळे पूर्वेकडं तोंड करून बसले. थोड्या वेळानं बाभळींच्या मागं काहीतरी फिकट वर आलं. धाकटीची लेक मला मोठीआई म्हणते. ती म्हणाली, "मोठीआई, ह्यो मोठा चंद्र?" खरं सांगायचं तर शिळ्या भाकरीएवढंही त्याला तेज नव्हतं. आमच्या हॅलोजनपुढं बिचाऱ्याचं काय चालणार?

मी खिडकीपाशी गेले. फळी जरा किलकिली झाली होती.

"ये की गं भाईर. दिवसावानी उजेड केलाय तुझ्यासाठी."

"ताई, तुमच्या दिव्यांच्या पलीकडं काय आहे ते दिसतंय का तुम्हाला?"

मी वळून बघितलं. अंगणाची कड संपली की पुढं मिट्ट काळोख.

"पल्याड कशाला बघायचं? अंगणात बस."

"मला पलीकडचीच भीती वाटते, ताई."

मी चुलीकडं परतले, पळी हातात घेतली, आणि खट्ट आवाज झाला. चारी दिवे गेले.

एकच कालवा उठला. पोरं किंचाळली, फटाकेवाला काडीपेटी शोधायला लागला, कुणी मोबाईलचा टॉर्च लावला. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"कुणी ओरडू नका. लाईट गेली नाही. मेन स्विच मी पाडलाय. ते टॉर्चपण बंद करा."

"अगं, खुळी का काय तू? पोरं हायत भाईर!" मी ओरडले.

"जरा दम धरा. डोळ्यांना सवय होऊ द्या."

चौदा वर्षांत ती माझ्याशी या आवाजात बोलली नव्हती. मला गप्प बसवणारं माणूस सहसा भेटत नाही, पण मी गप्प बसले. टॉर्च एकेक करून बंद झाले.

आधी नुसता अंधार होता. मग तो चंद्र दिसायला लागला. चंद्र तोच, पण आता केवढा तरी मोठा, तांब्याच्या परातीसारखा. तो बाभळींच्या फांद्यांतून सुटत वर चढला, तसा तांबूसपणा जाऊन पिवळा झाला, मग पांढरा. आणि रान उघडत गेलं. आधी बाभळींचे शेंडे वेगळे दिसले, मग बांध, मग ठिबकची टाकी. मग कांद्याच्या ओळी, एकेक पात मोजावी इतक्या स्पष्ट. कालवडीची खुंटी, तिची सावली, कालव्याकडं जाणारी पांढरी वाट. हॅलोजन होते तोवर आमचं शेत अंगणाच्या कडेला संपत होतं. आता ते कालव्यापर्यंत सगळं समोर पडलं होतं आणि त्यात कुठंच काही नव्हतं.

मागं खिडकीची फळी पूर्ण उघडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं कडी वाजली.

ती येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. म्हणाली, "बाबा रात्री रूळ तपासायला जायचे ना, तेव्हा चांदणं असलं की बत्ती अंगामागं धरायचे. म्हणायचे, बत्ती पुढं धरली की बत्तीपुरतंच दिसतं आणि आपण मात्र सगळ्यांना दिसतो." मग म्हणाली, "चला, खुंटीपर्यंत जाऊन येऊ."

आणि माझे पाय हलेनात. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की श्रावणापासून अंधार पडल्यावर मीही अंगणाची कड ओलांडली नव्हती. धार काढायचे ती हॅलोजन लावून, मोबाईलवर मोठ्यानं भजनं लावून. ते चार दिवे तिच्यासाठी होते असं मी सगळ्यांना सांगितलं होतं, स्वतःलाही. भ्याले होते मी. तिच्याइतकीच, फक्त गाजावाजा करून.

तिनं माझा हात धरला. आम्ही दोघी कांद्याच्या कडेकडेनं चालत गेलो. मागून भाऊजी आणि आमचे हे काठ्या घेऊन निघाले, तिनं त्यांना नको म्हटलं नाही. खुंटीपाशी ती थांबली आणि तिथं रडली. कुत्र्यासाठी रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी तिची पाठ चोळत राहिले. चंद्र एवढा लख्ख होता की तिच्या गालावरचं पाणी मला दिसत होतं.

"ताई, दूध!" ती एकदम म्हणाली. करपल्याचा वास खुंटीपर्यंत आला होता.

परत येताना माझा हात न सोडता म्हणाली, "उद्यापासून धार मी काढते. तुमच्या हाताला गाय पान्हा चोरते. डेअरीत दूध किती कमी जातंय, मला काय कळत नाही का?"

एरवी मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी म्हणाले, "काढ बाई." करपलेलं दूध सगळ्यांना वाढलं, आणि कुणी नावं ठेवायच्या आत आधी मीच दोन पेले प्यायले.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी चुलीपाशी होते. गोठ्यात एकच बल्ब लावला होता. भाऊजी ओट्यावर चहा पीत बसले होते. गोठ्यातून हाक आली, "ताई, आज भाजी काय?"

वांगंच होतं. पण मी ते चार वस्त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.