भिंतीला न टेकणाऱ्या जीजी

वार रविवार, रंगपंचमी नुकतीच होऊन गेलेली. जिन्यात अजून गुलाबी पावलं उमटलेली होती. स्थळ अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीतलं माझ्या नणंदेचं दुसऱ्या मजल्यावरचं घर. हजर: स्वतः नणंदबाई, उजवा हात प्लास्टरमध्ये; त्यांचा मधला भाऊ, म्हणजे आमचे हे; धाकटे भाऊजी; धाकटी जाऊ; आणि मी. न बोलावता हजर: खालच्या मजल्यावरच्या भाभी, पोह्यांचं पातेलं घेऊन. विषय एकच, नणंदबाईंनी यापुढे एकटं राहावं की भाऊजींच्या घरी जावं. टिपण माझ्याकडे होतं. आमच्या घरात काही लिहून ठेवायचं असलं की पेन आपोआप माझ्या हातात येतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

पण आधी माणूस सांगते, मग सभा. माझ्या नणंदेसारखं घर मांडणारी बाई अख्ख्या इंदुरात दुसरी नाही, आणि मांडलेलं घर इतक्या वेळा मोडणारी तर माळव्यात नसेल. सगळे त्यांना जीजी म्हणतात. भाऊ म्हणतात, भावजया म्हणतात, भाजीवाला म्हणतो. जुन्या इंदुरातल्या मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर तोच भूगोल घरात आणला. खोलीत वारा कुठून येतो, ऊन कुठे उतरतं, माणसांची वर्दळ कुठून वाहते हे सगळं त्या नद्या-डोंगरांसारखं बघतात, आणि मग डोंगर उचलून दुसरीकडे ठेवतात. तुम्ही त्यांच्या घरी होळीला गेलात आणि पुन्हा राखीला गेलात, तर दार चुकलं म्हणून माघारी फिराल. जिथे दिवाण होता तिथे पुस्तकं असतील, जिथे पुस्तकं होती तिथे जीजी चहा पीत बसलेल्या असतील. लग्न त्यांनी केलं नाही. ‘नवऱ्याने सोफा हलवू दिला नसता,’ हे कारण त्या स्वतःच सांगतात, आणि ते खोटं आहे असं म्हणायची कोणाची छाती नाही.

त्यांचा पहिला कायदा असा की भिंतीला काहीही टेकवायचं नाही. बाकी सगळ्या इंदुरात सोफा म्हणजे भिंतीची मालमत्ता. जीजी म्हणतात, ‘भिंतीला लावलेलं सामान म्हणजे बस-स्टँडवरची माणसं. सगळी पाठ टेकून ताटकळलेली, कोणी कोणाशी बोलत नाही.’ त्यामुळे त्यांच्याकडे सगळं वीतभर पुढे सरकलेलं असतं, जणू खोलीतल्या वस्तू काहीतरी ऐकायला वाकल्या आहेत. दुसरा कायदा, वस्तू रिकामी बसता कामा नये. शिवणयंत्र बंद पडलं तेव्हा त्यांनी त्याचे बिडाचे पाय ठेवून वर फळी बसवली आणि जेवायचं टेबल केलं. पायटा, म्हणजे पाय मारायची पट्टी, तशीच आहे, त्यामुळे जेवताना सगळ्यांचे पाय आपोआप हलतात आणि आमचे हे वरणभात शिवत असल्यासारखे जेवतात. आजोबा दरबारच्या नोकरीत होते, त्या काळातले जेवणाचे पाट त्यांनी भिंतीवर फळ्या म्हणून ठोकले आहेत. लहान पाटावर मसाल्याचे डबे, मोठ्या पाटावर नकाशांची पुस्तकं. पितळी घंगाळात वर्तमानपत्रं. जुन्या माहेश्वरी साडीचे काठ उशांना. तिसरा कायदा मला सगळ्यात आवडतो: खोलीत एक तरी वस्तू अशी हवी की आलेल्या माणसाने ‘हे काय?’ असं विचारलंच पाहिजे. सध्या ती वस्तू म्हणजे शाळेच्या भंगारातून आणलेला बाक, ज्यावर कोण्या मुलीने कर्कटकाने ‘भूगोल बोअर आहे’ असं कोरलंय. जीजींनी तो पॉलिश करताना ती अक्षरं जपून ठेवली.

लालबागच्या मैदानावर हस्तकलेचा मेळा भरतो, तेव्हा जीजींना घेऊन जाणं ही माझी जबाबदारी असते. त्या खुर्ची बघत नाहीत, खुर्चीत राहायला जातात. चहाचा कप हातात घेऊन बसायचं, कप संपेपर्यंत उठायचं नाही, कारण ‘खुर्ची पहिल्या घोटाला सगळीच बरी वाटते.’ एका वर्षी त्या एका स्टॉलवर इतका वेळ बसल्या की गिऱ्हाइकं त्यांनाच मालकीण समजायला लागली. एक नवं जोडपं झुल्यासारख्या दोघांच्या सोफ्यापाशी घुटमळत होतं. जीजींनी त्यांना चष्म्यावरून न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘ये मत लो बेटा. इसमें एक उठेगा तो दूसरा गिरेगा. शादी नई है ना?’ जोडपं हसत पुढे गेलं. दुकानदार हात जोडून म्हणाला, ‘अम्माजी, आप चाय दूसरी दुकान पे पी लो.’ जीजींनी मात्र जाता जाता त्याच्या स्टॉलची मांडणी बदलून दिली. मोठे सोफे मागे, वेताचे बुटके मोडे पुढे, वाट मधून. संध्याकाळी आम्ही परतताना तिथे गर्दी होती आणि तो लांबूनच सलाम करत होता.

बँकेतही तेच. पेन्शनवाली मंडळी जिथे रांगेत बसतात तो बाक उन्हात होता. जीजींनी कोणाला विचारलं नाही. ‘भिया, जरा पकडना उधर से,’ असं म्हणून पुढच्या माणसाला कामाला लावलं आणि बाक सावलीत, खिडकीच्या काटकोनात फिरवला. मॅनेजर बाहेर आला, बघून आत गेला. बाक अजून तसाच आहे. मी तिथे कधी गेले की शेजारच्याला सांगते, हा आमच्या जीजींनी फिरवलाय. तो कोण जीजी असं विचारत नाही तरी सांगते.

माझ्या घरी त्या आल्या की मी चहा टाकायच्या आत सामान सरकल्याची पहिली कुरकुर ऐकू येते. एकदा त्यांनी माझी बैठकीची खोली अर्धी फिरवली, मध्येच थांबल्या आणि विचारलं, ‘ही कोपऱ्यातली खुर्ची माझ्या भावाची. टीव्हीसमोरची आईची होती, ती आता पोराची. तुझी कुठली?’

मी म्हटलं, ‘जीजी, मी बसते कुठे!’

‘मग हे घर मांडायचं कोणाच्या नजरेने?’ त्या म्हणाल्या. ‘अगं, पडदे-बिडदे, रंग-बिंग सगळं नंतर. आधी आपली बसायची जागा ठरवायची. बाकीचं सामान तिच्या मागोमाग येतं.’ मी हसून कुकर लावायला गेले.

तर आता सभा. झालं असं होतं की सागवानी कपाट खिडकीकडे सरकवताना जीजींचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. धाकटे भाऊजी मनाने सोन्यासारखे, पण ठरवून मोकळे होणारे. बायपासकडच्या नव्या कॉलनीत त्यांचं घर आहे आणि त्यांनी प्लास्टर ओलं असतानाच जीजींसाठी खोली तयार करून घेतली. खोली खरंच देखणी आहे. पलंग भिंतीत, कपाट भिंतीत, टेबल भिंतीत दुमडून जातं. सगळं जागच्या जागी स्क्रूने पक्कं. भाऊजी ते कौतुकाने सांगत होते आणि मी जीजींच्या चेहऱ्याकडे बघत होते. कोंडलं जाणं म्हणजे काय हे त्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पण जीजींनी सभेची तयारी आधीच केली होती. हात गळ्यात बांधलेला असताना त्यांनी खालच्या भाभींना हाताशी धरून खोली मांडून ठेवली होती. प्रत्येकाची जागा ठरलेली. ‘तू इथे बैठ,’ म्हणून त्यांनी भाऊजींना वेताच्या बुटक्या मोड्यावर बसवलं. भाऊजी उंच, धिप्पाड. गुडघे थेट हनुवटीला लागले. एरवी ते हात मागे बांधून फर्मान काढतात. मोड्यावर बसून कोणालाही फर्मान काढता येत नाही, हे त्या दिवशी मला कळलं. यांना आणि धाकट्या जावेला बाकावर शेजारी-शेजारी बसवलं, म्हणजे त्यांना एकमेकांकडे बघून माना डोलवता येईनात. आणि मला खिडकीजवळच्या वेताच्या आरामखुर्चीत. तिथून सगळी खोली दिसत होती, सगळ्यांचे चेहरे दिसत होते, आणि मानेवर गार वाऱ्याची झुळूक येत होती. मी टिपण लिहायला घेतलं आणि पेनाचं टोपण काढायचंच विसरले.

‘देख जीजी,’ भाऊजी गुडघ्यांमधून म्हणाले, ‘जिद नको करू. मी काही दुश्मन थोडी आहे तुझा? तिथे सगळं फिट आहे. काही हलवायचं टेंशनच नाही.’

‘आणि मी?’ जीजी म्हणाल्या. ‘मला पण स्क्रू मारून ठेवणार का रे?’

‘अरे यार जीजी, तू पण ना! परत पडली तर? इथे कोणाला कळणार आहे? दोन-दोन दिवस पता नाही लागायचा.’

हा प्रश्न खरा होता. यांनी पायट्याच्या सवयीने बाकाखाली पाय हलवायला सुरुवात केली. जीजींनी डाव्या हाताने उशीचा काठ सरळ केला, मग पुन्हा एकदा सरळ केला.

तेव्हा दारापाशी पातेलं घेऊन उभ्या असलेल्या भाभी बोलल्या. या त्याच भाभी, ज्या वर्षानुवर्षं जिन्यात भेटतील त्याला सांगत आल्या होत्या की ऊपर हाथी पाला है. त्या म्हणाल्या, ‘भैयाजी, हमको पता चलता है ना. सुबह कुर्सी खिसकी, मतलब जीजी उठ गईं. शाम को दीवान खिसका, मतलब मूड अच्छा है. उस दिन अलमारी की आवाज़ आई और बीच में रुक गई. मैं रोटी तवे पे छोड़के भागी. आपको फोन किसने किया था?’

भाऊजी मोड्यावरून उठायला गेले आणि उठता येईना. धाकटी जाऊ फिस्सकन हसली, मग हे, मग स्वतः भाऊजी. ‘हात दे जीजी,’ ते म्हणाले. जीजींनी डावा हात पुढे केला. भाऊजींनी तो धरला, पण उठले नाहीत. तसेच बसून राहिले. ‘मला डर लागतो ना जीजी,’ ते हळूच म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस त्या बुटक्या मोड्यावर शाळेतल्या मुलासारखा दिसायला लागला.

‘माहीत आहे रे,’ जीजी म्हणाल्या. ‘म्हणून तर तुला खाली बसवलं. उभा असलास की तुझा डर दिसत नाही, आवाजच ऐकू येतो.’

ठरलं ते असं. जीजी अन्नपूर्णालाच राहतील. जड सामान एकट्याने हलवायचं नाही. भाभींना हाक मारायची. भाऊजी दर रविवारी येतील, आणि बायपासच्या खोलीतल्या पलंगाचे स्क्रू काढून ठेवतील, म्हणजे जीजी राहायला गेल्या तर त्यांच्या हाताला काम असेल. यावर सगळ्यांनी पोहे खाल्ले. आपलं माणूस आपल्या हिमतीने जिंकताना बघायचा आनंद वेगळाच असतो. मी तर घरी येऊन आमच्या सोसायटीतल्या तिघींना फोन करून सांगितलं.

प्लास्टर निघालं, पण मनगट पूर्वीसारखं राहिलं नाही. भाभी सांगतात की वरचे आवाज आता हलके झालेत. कपाट फारसं हलत नाही. मोडा हलतो, स्टूल हलतं, घंगाळ इकडून तिकडे जातं. काही सकाळी आवाज उशिरा येतो, तेव्हा भाभी गॅस बारीक करून छताकडे बघत उभ्या राहतात. आला की मोठा करतात.

मागच्या महिन्यात माझ्या दारात टेम्पो थांबला. त्यातून ती खिडकीजवळची आरामखुर्ची उतरली. पाठोपाठ फोन. ‘त्या दिवशी तू तिच्यात बसलीस आणि लिहायची विसरलीस, बघितलं मी. ती तुझी. जागा तू ठरव, मी येणार नाही मांडायला.’

खुर्ची आल्यापासून मी ती सगळीकडे ठेवून बघितली. खिडकीपाशी ठेवली तर बाल्कनीचं दार अडतं. जेवणाच्या टेबलाजवळ ठेवली तर तिच्यावर वाळलेले कपडे येऊन बसतात. मधोमध ठेवली तर हे अडखळतात आणि न बोलता तिला सरकवून भिंतीला लावतात. मी पुन्हा ओढते, हे पुन्हा लावतात. जीजी दर रविवारी विचारतात, ‘ठरली का गं जागा?’ बाजार, बिलं, गॅसचा नंबर, पोराच्या कॉलेजची कामं, माझ्या यादीतलं सगळं त्या-त्या दिवशी खोडलं जातं. हे एक तेवढं उरलंय. आज सकाळी बघितलं तर खुर्ची परत भिंतीला टेकलेली आहे, आणि तिच्यावर धुतलेल्या चादरींचा ढीग आहे. चादरी उचलायच्या आहेत, खुर्ची ओढायची आहे, आणि चहा संपेपर्यंत तिच्यात बसून बघायचं आहे.