पंगतीतले स्टीलचे चमचे

स्टीलचा चमचा पारखायला मला आजही कुणी शिकवायला येऊ नये. साठच्या दशकात, आमच्या खाडीकाठाला नवी मुंबई म्हणायची पद्धत पडली नव्हती तेव्हा, उरणच्या बाजारातल्या भांडेवाल्याला मी या एका गोष्टीवरून इतकं पिडलं होतं की मला लांबून पाहिलं तरी तो गल्ल्यावरून उठून आत जायचा.

कारण होतं आमचे बाबा. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. मिठागरात उभा जन्म काढलेला माणूस, आणि घास तोंडात घालायला दुसऱ्यावर अवलंबून. डाव्या हातानं जेवणं त्यांना पटत नव्हतं. आई माजघराचं दार लोटून भरवायची. त्या हाताबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलेलं त्यांना खपत नसे, स्वतः तर ते बोलायचेच नाहीत. मला गावातच दिलेली. रोज माहेरी यायचे, ते लोटलेलं दार बघायचे आणि माझं डोकं फिरायचं.

मी ठरवलं, चमचा आणायचा. चमचा डाव्या हातात धरला तर कोण नावं ठेवणार? घरात पितळेचे होते, पण कल्हई उडाली की आंबट कालवण कळकतं. अॅल्युमिनियमचा तर भातातच वाकतो. राहिलं स्टील. ते आमच्याकडे नवीन होतं, आणि चकाकतंय म्हणजे चांगलंच असणार अशी सगळ्यांची समजूत. भांडेवाला चुंबक लावून दाखवायचा. चिकटत नाही म्हणजे माल अस्सल. असेल. पण चुंबकाला काही जेवायचं नसतं. मी चमच्याची कड ओठावरून फिरवून बघायचे. पातळ पत्र्यातून कापून तसाच विकायला काढलेला असला की ती लागतेच. मग चमचा फळीवर टेकवून दांडी दाबायची, मानेत लवला की परत. वाटी फार खोल असेल तर तळाशी भात राहतो, फार रुंद असेल तर तोंडात शिरताना अडते. आणि दांडीचं टोक रुंद हवं, नाहीतर सवय नसलेल्या हातात ती गरकन फिरते नि आमटी छातीवर.

"ताई, चमचा घ्यायचाय का सून बघायचीय?" भांडेवाल्यानं एकदा वैतागून विचारलं.

"सून बघून झाली," मी म्हटलं. "तिला एवढा वेळ नाही लागला."

ते खरंच होतं. धाकट्या भावाचं तेव्हाच जमत आलं होतं.

शेवटी एक चमचा पसंत पडला. घरी आणून चिंच आणि ओलं मीठ चोळून रात्रभर ठेवला. सकाळी धुतला तर डागाचं नाव नाही. बाबा त्या चमच्यानं जेवायला लागले, हळूहळू सांडेनासंही झालं. पण सगळं दाराआड. इकडे मुलीकडची मंडळी बोलणी पक्की करायला जेवायला येणार होती. व्याह्याच्या शेजारी घरधन्यानं बसायचं असतं.

"मी नाय बसनार," बाबा म्हणाले. "सगल्यांत मी एकटा चमच्यानं खानार, आनं लोकं बघत बसनार."

आई रडकुंडीला आली. घरधनी पंगतीला नाही म्हटल्यावर पाहुण्यांचा अपमान, आणि सोयरीक मोडायला तेवढं पुरतं.

"एकटे कशाला?" मी म्हटलं. "सगळ्यांच्या ताटात चमचा ठेवते."

बाबांनी नुसतं हूं केलं. मी तो होकार धरला आणि बाजारात जाऊन तस्सेच चमचे आणले, एकूणएक ओठाला लावून. भांडेवाल्यानं त्या दिवशी चुंबक काढलाच नाही.

पंगत बसली. बाबा बसले. पाहुण्यांनी चमच्यांकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि या घरची रीतच असेल असं समजून उचलले. मग जी काही त्रेधा उडाली म्हणता! व्याह्यांनी चमचा फावड्यासारखा मुठीत धरला होता. अर्धा भात ताटात, अर्धा धोतरावर. आख्ख्या ओळीत नीट जेवत होते ते फक्त बाबा. मी पदर तोंडाला लावून दारात उभी.

बाबांनी थोडा वेळ पाहिलं आणि हात थांबवला.

"व्याही, मुठीत नका धरू. आंगठा वर ठेवा, आसा. आनं थोडा थोडा घ्या."

व्याह्यांनी बाबांकडे नीट निरखून पाहिलं आणि तसंच करायचं म्हणून चमचा डाव्या हातात घेतला.

"तुमी उजव्यानंच खा," बाबा म्हणाले. "माजा उजवा गेलाय, म्हनून मी डाव्यानं खातो."

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. मी दारातच रडले, अगदी सगळ्यांदेखत. बाबांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते व्याह्यांचा अंगठा नीट बसतोय का, ते बघत होते.