आईच्या मनगटातलं मूळ

वायमोआनाचे सांधे कित्येक वर्षं जळत होते. डॉक्टरांना रक्तात काही सापडेना. मेलेल्याच्या हाडात झाडाचं मूळ शिरलं की त्याच्या जिवंत नातलगाला दुखतं, असं आम्ही टोंगा बेटांवरचे लोक मानतो. शेवटी भावांनी आईची कबर उकरली. मनगटाच्या हाडांतून खरंच मूळ निघालं. त्यांनी ते उपटलं, हाडं तेलानं पुसली, डुक्कर भाजून गावाला जेवू घातलं.

पुढच्या सोमवारी वायमोआना गावातल्या बायकांबरोबर चटया विणायला आली नाही, तशी आत्या तिच्या दारात उभी राहिली.

"मूळ निघालं ना? मग आता कसली सोंगं, महाराणी? मेलेल्या आईला खोटं पाडतेस?"

वायमोआना भिंतीला धरून उठली. "नाही आत्या. बरं वाटतंय," ती म्हणाली आणि आत्यामागून जाऊन सुजलेल्या बोटांनी विणायला बसली.