प्रणालीच्या स्कार्फवरचे डाग

मागच्या शुक्रवारी लॅबमध्ये मी एका मुलीवर जाम तापले... आणि चूक माझीच निघाली.

मी लाखांदूरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. सोमवारी बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा, त्यामुळे शुक्रवारी शेवटचा सराव चालू होता. बर्नर पेटलेले, आणि प्रणाली तोंडाला स्कार्फ गच्च गुंडाळून उभी.

आमच्याकडे उन्हात मुली डोळे सोडून सगळं तोंड बांधतात, त्यात नवल नाही. पण आगीजवळ लोंबतं कापड मी चालवून घेत नाही. दोनदा सांगून झालं, तिसऱ्यांदा माझा पारा चढला. स्कार्फ काढ नाहीतर बाहेर हो, म्हटलं... आणि ती सगळ्यांसमोर बाहेर निघून गेली.

नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं, ती सोमवारी परीक्षेलाच येणार नाही म्हणतेय. वर्गातल्या पहिल्या तिनांतली मुलगी! मी तशीच तणतणत तिला शोधायला निघाले.

सायकल स्टँडजवळ सापडली. तिच्या गर्द निळ्या स्कार्फवर गालांच्या आणि हनुवटीच्या जागी रंग उडून फिकट तांबूस डाग पडले होते. हे डाग मी ओळखते... माझ्या उशीच्या मरून रंगाच्या अभ्र्यावर अगदी असेच आहेत. त्यासाठी मी महिनाभर बिचाऱ्या वॉशिंग पावडरला शिव्या घातल्यात.

चौतिसाव्या वर्षी मला पिंपल्स आले, हे सांगायला लाज कसली. भंडाऱ्याच्या त्वचेच्या डॉक्टरांनी जेल लिहून दिलं, त्यात बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं. पुळ्यांवर गुणकारी, पण कापडाला लागलं की रंग घालवतं. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं... केमिस्ट्रीच्या बाईंनीच ऐकलं नव्हतं.

प्रणालीला स्टाफरूममध्ये नेलं, दार लोटलं आणि विचारलं, पिंपल्सचं जेल लावतेस ना? तिने हळूच स्कार्फ काढला. गाल लालभडक, ओठांच्या कोपऱ्यांत भेगा, नाकाच्या बाजूची साल निघालेली... माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं मला.

जेल तिलाही डॉक्टरांनीच दिलं होतं, चिठ्ठीवर ‘रोज रात्री एकदा’ असं लिहिलेलं होतं. पण हिला परीक्षा आणि सेंड-ऑफच्या आत चेहरा साफ हवा होता. म्हणून सकाळ, दुपार, रात्र, तिन्ही वेळा जाड थर. मध्येच लिंबू चोळायचं, आणि वरून स्कार्फ बांधून उन्हात बस स्टँडपर्यंत चालायचं.

“आग होऊन राहिली म्हणजे औषध काम करून राहिलं, असंच वाटलं मले, मॅडम,” ती म्हणाली.

श्वासाला त्रास होतो का, डोळे-ओठ सुजले होते का, हे आधी विचारलं. तसं असतं तर तडक दवाखाना गाठला असता. तसं काही नव्हतं, तेव्हा चिठ्ठीवरच्या नंबरवर तिलाच फोन लावायला सांगितला. डॉक्टर म्हणाले, जेल आत्ता बंद आणि लिंबू कायमचं बंद. साध्या पाण्याने तोंड धुवायचं, साधं मॉइश्चरायझर लावायचं, ऊन टाळायचं आणि बुधवारी येऊन दाखवायचं. ते सांगतील तेव्हाच जेल पुन्हा सुरू.

शनिवारी सकाळच्या एसटीने तिची आई तिला घेऊन कॉलेजात आली. धानाच्या शेतात राबणारी, बोलायला फटकळ बाई... मला पाहताक्षणी आवडली. पण ती ठाम होती, औषध फेकायचं आणि तोंड बरं होईपर्यंत पोरीला घरीच ठेवायचं.

“कापडाचा रंग खाते ते, मॅडम,” ती म्हणाली. “पोरीच्या तोंडाले कायले सोडन?”

मग मी माझं लेक्चर सुरू केलं. औषध वाईट नाही, प्रमाण चुकलं, वगैरे वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवीतून औषधाच्या खोक्यातला तो घडीचा कागद काढला.

“हा मी फेकला नाही,” ती म्हणाली. “पण यात काय लिवलं हाये, ते कोणी वाचूनच नाही दाखवलं.”

मी लेक्चर थांबवलं. लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही, असं मी लॅबमध्ये वर्षानुवर्षं ओरडतेय... आणि माझ्या जेलचा असाच कागद मी खोक्यासकट कचऱ्यात टाकला होता.

मग आम्ही तिघी बसलो. बारीक इंग्रजी अक्षरं, मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर लावायचं, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच. डोळे, ओठ, नाकाचे कोपरे सोडायचे. दिवसा सनस्क्रीन लावायचं. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि फरक पडायला काही आठवडे लागतात, घाई करून उपयोग नाही. कापडाचा रंग जातो, हेही त्यात चक्क लिहिलेलं होतं.

आईने बोटाच्या टोकावर वाटाणा मोजून पाहिला. “एवढंच? इनं तं भाजीत तेल टाकल्यावानी टाकलं.” प्रणाली हसली... ओठ दुखत असूनही.

आईने कागदाची घडी घालून तो परत पिशवीत ठेवला. मग आई लेकीकडे वळून म्हणाली, “जाय परीक्षेले. चोरी नाही केली तुनं.”

सोमवारी प्रणाली उघड्या चेहऱ्याने आली. आग थांबली होती, पण साल अजून निघत होती. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी काळजीने विचारलं, चेहऱ्याला काय झालं? मी तिच्या वतीने बोलायला तोंड उघडणार, तोच ती बोलली. सगळी बॅच ऐकत होती.

“औषध चांगलं आहे, सर. मीच जास्त लावलं होतं.” आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहत ताठ उभी राहिली.

शुक्रवारच्या ओरडण्याबद्दल मी तिची माफी मागितली होती... पण स्टाफरूममध्ये, दार लोटून. परीक्षा संपल्यावर मात्र ती सगळ्या वर्गासमोर मागितली. थँक यू, प्रणाली.