नलूताईंच्या गाडीचा थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट काढून हातात घेतला, तर झडप सताड उघडी. इंजिन थंडगार असताना ती मिटलेली हवी. मी तिथंच स्टुलावर बसलो. साठी उलटल्यावर तासभर बॉनेटमध्ये वाकलं की कंबर धरते.

नलूताई घोडेगावच्या निवृत्त शिक्षिका. गाडी त्यांच्या वडिलांची, माझ्याहून वयानं मोठी, ताईंनी यंदा पुन्हा चालवायला काढलेली. थंडीत निघाली की गचके खायची, चढाला बंद पडायची. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, "थर्मोस्टॅट काढून टाका." ताईंना मूळचाच हवा होता. त्या मापाचा नवीन मिळतही नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटरच्या मधली झडप. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवायचं, तापलं की सोडायचं. जुन्या गाड्यांत झडपेखाली पेटीच्या भात्यासारखी पितळी डबी असते, आत थोडं स्पिरिट. तापलं की डबी फुगते, झडप उघडते. निवलं की मिटते.

डबी पुसली. बुडाशी सोल्डरचा जुना डाग होता, बारीक शेपटी ओढलेला. जुन्नरात तसा डाग एकच मिस्त्री सोडायचा. मी.

"काय झालं, शौकतभाई?"

"ताई, हे माझंच काम हाय. तीसेक वर्षांपूर्वी तुमच्या वडिलांनी गाडी आणली व्हती. डबीला भोक पडलेलं. मी ती थंड असतानाच बंद केली. आत हवा अडकली, डबी फुगलेलीच ऱ्हायली. तवापासून झडप मिटलीच न्हाई."

ताईंनी बॉनेटच्या कडेवर हात टेकला.

"बाबा म्हणायचे, गाडी म्हातारी झाली, लई पेट्रोल पिते. म्हणून शेडमध्ये लावली. नंतर चालवलीच नाही त्यांनी."

"मला येऊन सांगायचं ना!"

"शौकतनं बघितलीय म्हणजे मशीन ठीकच असणार, असं म्हणायचे."

मी उठून स्टोव्ह पेटवला, पाणी तापत ठेवलं.

जुना डाग उकलला. डबीत स्पिरिट घातलं, ती गरम पाण्यात धरली. वाफेबरोबर हवा निघून गेली की गरम असतानाच भोक बंद करायचं. दोनदा फसलं, बोटं भाजली. तिसऱ्यांदा जमलं. डबी निवली तशी झडप हळूहळू मिटली.

आठवड्यानं ताई ओझरच्या गणपतीला जाऊन आल्या. गाडी कुठंही बंद पडली नाही.

ज्याचा आपल्यावर भरवसा असतो, ते गिऱ्हाईक तक्रार घेऊन येत नाही. म्हणून आता गाडी दिल्यावर चार दिवसांनी मीच फोन करून विचारतो.