पिठ्ठूतली उशी

सयाजी फौजेत होता तोवर त्याची काळी ट्रंक विजयमालाच भरायची. जड ते तळाला, रोजचं वर, आणि सगळ्यांत वर वर्तमानपत्रात गुंडाळलेली शेंगदाण्याची चटणी. सुट्टी संपली की तो ट्रंक खांद्यावर मारून एसटीत चढायचा आणि ही फाट्यावरून एकटी घरी यायची. तो सुभेदार होऊन निवृत्त झाला तेव्हा तिला वाटलं, सुटलो एकदाचे. पण महिन्याभरात तो साखर कारखान्यावर सुरक्षा रक्षकांचा सुपरवायझर म्हणून लागला, तोही रात्रपाळीला. दिवसा झोपायचा. घरात नवरा होता, पण उशीवर पडलेला.

तरी तिच्याजवळ एक वाक्य होतं. जबलपूरला असताना सयाजीने नर्मदेच्या काठी एक म्हातारं जोडपं बघितलं होतं. परिक्रमेला निघालेलं, पाठीवर बोचकं, हातात काठी. नदी उजव्या हाताला ठेवायची, ती ओलांडायची नाही, आणि सगळा वळसा घालून निघालो तिथं परत यायचं. सुट्टीवर आल्यावर त्याने हे सांगितलं होतं आणि वर म्हणाला होता, “आपून बी जाऊ, दोघंच.” तो ते विसरून गेला असता तरी चाललं असतं. तिने ते विसरू दिलं नाही. महिनोन् महिने दोघांनी एकाच वाटेवरून चालायचं, एकाच पंगतीत जेवायचं, एका आश्रमाच्या पडवीत झोपायचं. देवाचं नाव होतं, पण तिला हवा होता तो हा संसार.

पोरगा ऋषिराजही फौजेत लागला, सून शिवांजली घरात आली, आणि यंदा आषाढात सयाजीने कारखाना सोडला. दिवाळी झाली की निघायचं ठरलं. अंगणातल्या तुळशीपुढं नारळ ठेवून त्याने संकल्प सोडला आणि दुसऱ्या दिवसापासून बायकोला रंगरूट केलं.

त्याचं सांगणं पक्कं असायचं. बूट एक नंबर मोठा घ्यायचा, कारण दुपारपर्यंत पाऊल फुगतं. नवा बूट वाटेवर घालायचा नाही, इथंच कालव्याच्या पाळूवर घालून मऊ करायचा. सकाळी बोटांच्या बेचक्यात खोबरेल तेल. फोड आला तर कातडं सोलायचं नाही, सुईत दोरा ओवून आरपार काढायचा आणि दोरा तसाच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपून जातं. जाड टॉवेल नको, पंचा घे. साबण अर्धा काप. चादर नको, शाल घे, तीच पांघरायची नि तीच ऊन लागलं की डोक्यावर घ्यायची. पिशवीला तो फौजेतल्यासारखं पिठ्ठू म्हणायचा. पिठ्ठूचं ओझं खांद्यावर नाही, कंबरेवर बसलं पाहिजे, पट्टा आवळ. ती पट्टा आवळायची आणि शेजारच्या बायका कुंपणावरून बघायच्या. एकीने विचारलं, सुभेदारीणबाई कुठल्या बॉर्डरवर निघाल्या? विजयमाला म्हणाली, सासरला कंटाळले, आता नर्मदेला नांदायला चाललेय.

सरावासाठी तिच्या पिठ्ठूत त्याने गुळाची लहान ढेप आणि शाळूची पिशवी भरली. रोज पहाटे कालव्याच्या पाळूनं पुलापर्यंत जायचं आणि यायचं. अंगणात उभ्या जागी कदमताल करायचा, गुडघा उचलून. त्याला मजा येत होती. तिला त्याहून जास्त. इतक्या वर्षांत एवढं सलग तो तिच्याशी बोललाच नव्हता.

दम पहिल्या आठवड्यातच लागायला लागला. तिला वाटलं, वय झालं, सवय नाही. मग पुलाची चढण आली की छातीत काहीतरी पक्ष्यासारखं फडफडायला लागलं आणि डोळ्यांपुढं काजवे यायला लागले. सांगितलं तर जाणं बंद होईल, हे तिला ठाऊक होतं. बाईमाणसाला जे जमतं ते तिने केलं. चढणीच्या आधी बुटाची नाडी सुटायची. कडेची घोळूची भाजी दिसायची आणि चार काड्या खुडाव्या लागायच्या. उसाला पाणी पाजणाऱ्या तात्याबाची म्हातारी भेटली की तिच्या गुडघ्यांची चौकशी करावी लागायची. सयाजी पुढं उभा राहून म्हणायचा, “मार्च हाय का बाजार हाय?” ती भाजी ओच्यात टाकत हसायची. हसायला लागणारा श्वास तेवढा शिल्लक असायचा.

श्रावणात तेही पुरेना. एका दुपारी सयाजी झोपलेला असताना तिने गूळ आणि शाळू काढून कणगीमागं ठेवले आणि पिठ्ठूत जुनी उशी कोंबली. बाहेरून तेवढाच फुगीर. पाठीवर घेऊन तिने आरशात वळून बघितलं. मग दोन महिने ती उशी घेऊन चालली. सयाजी शेजाऱ्यांना सांगायचा, बघा, वजनाची सवय झाली की माणूस कसा उभारी धरतो.

दसरा झाला आणि सयाजीचा फौजेतला दोस्त नाथाजी तयारी बघायला आला. तो कराडकडचा, वाटेवर पुढं-मागं सोबत राहणार होता. शिवांजलीने चहा ठेवला आणि गूळ संपलाय म्हणाली. सयाजी म्हणाला, वाण्याकडं कशाला, सासूच्या पिठ्ठूत ढेप हाय की. विजयमाला गोठ्यात होती. ती धारेची चरवी घेऊन दारात आली तेव्हा उशी ओट्यावर होती आणि नाथाजी मांडी थोपटून हसत होता.

“वहिनी, परिक्रमेला निघालायसा का माहेरी झोपायला?”

शिवांजलीही पदर तोंडाला लावून हसली. सयाजी हसला नाही. त्याने असे किती तरी रंगरूट पकडले होते. पिठ्ठूत उशी कोंबून दौडायला येणारं पोर म्हणजे कामचुकार, आणि अशा पोराला तो भर मैदानात पिठ्ठूत दगड भरून पळवायचा. त्याच्या नोकरीत उशीचा दुसरा अर्थ नव्हता. नाथाजी गेला. मग तो तिच्या तोंडाकडं न बघता म्हणाला, “यायचं न्हवतं तर सांगायचं. मला कशाला एवढं दिस येड्यात काढलंस?”

ती चरवी घेऊनच खाली बसली.

“यायचं हाय म्हणून भरली,” ती म्हणाली. “गूळ घिऊन मला चालवत न्हाई ओ. पुलाजवळ छातीत धडधडतंय, डोळ्यापुढं अंधारी येती. लय दिस झालं.”

सयाजीने उशी उचलून ती तळव्यांनी दाबून बघितली, जणू तिच्यात काही लपवलंय. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने दोघं सांगलीला गेली.

मोठ्या दवाखान्यात छातीचे फोटो, ठोक्यांच्या पट्ट्या, पडद्यावर हृदय हलताना बघणं, सगळं झालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? आला होता. परकर नेसायच्या वयात; आईने एरंडाची पानं बांधली होती. त्या तापाने हृदयाची झडप आवळत आणली होती, आणि इतकी वर्षं कुणाला पत्ता नव्हता. ओझं बंद, चढण बंद, सपाटीवर थोडं फिरा. गोळ्या घ्या, पाणी बेताने प्या, तीन महिन्यांनी या, मग ऑपरेशनचं ठरवू. बाहेर आल्यावर सयाजीने तिच्या हातातली पिशवीही काढून घेतली. हळदीच्या वासाच्या त्या रस्त्यावरून तो तिच्या पावलाने चालला, आणि एकदाही मार्च म्हणाला नाही.

घरी आल्यावर तो म्हणाला, जायचं रद्द. ती म्हणाली, संकल्प सोडलाय, देवापुढं नारळ ठेवलाय, तुम्ही जा. तो नाही म्हणाला. दोन दिवसांनी नाथाजीचा फोन आला तेव्हा तिने परत सांगितलं, गोळ्यांनी बरं वाटतंय, तुम्ही व्हा पुढं, शेवटाला मी गाडीनं ओंकारेश्वरला येते. तो परत नाही म्हणाला, पण फोन ठेवल्यावर कोपऱ्यातल्या बुटांकडं बघत बसला. मग दिवाळीच्या फराळाचं भाजताना तिने तिसऱ्यांदा म्हटलं. म्हणताना झारा हलवत होती आणि कान मागं लावून होती. तिसऱ्यांदा त्याने नाही म्हटलं नाही. म्हणाला, “तू म्हनतीस तर बघतो.”

ती बेसन हलवत राहिली. लागू द्यायचं नव्हतं.

पिठ्ठू तिनेच भरला. जड ते पाठीला लागून, कंबरेशी. पंचा, शाल, अर्धा साबण, सुई-दोरा आगपेटीत, आधारकार्ड प्लास्टिकमध्ये, वर चटणी. एवढं सगळं तिला शिकवणाऱ्याने स्वतःचे बूट मात्र आदल्या दिवशी आणले होते. तिने विचारलं तर म्हणाला, माझं पाय फौजेत शिजल्यात. फाट्यावर शिवांजली आणि ती सोडायला गेल्या. एसटी वळल्यावर विजयमाला सवयीने एकटीच चालायला लागली, मग आठवलं की सून बरोबर आहे.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन. दोन्ही टाचांना फोड. तिने सांगितलं, कातडं सोलू नका, दोरा ओवा, तसाच ठेवा. तो म्हणाला, “सुभेदारीण झालीस की गं.”

पौष लागला. गोळ्या चालू होत्या, पण आता विहिरीकडच्या लिंबापर्यंतही जाववत नव्हतं. रात्री दोन उशा लावून, अर्धवट बसूनच झोप लागायची. त्यांतली एक तीच पिठ्ठूतली. शिवांजली म्हणाली, मामांना फोनवर कळवू या. विजयमालाने तिला शपथ घातली. मधेच सोडली तर परिक्रमा मोडते, आणि तो एका शब्दावर मोडून येईल हेही तिला ठाऊक होतं. तिसऱ्यांदा नाही न म्हणणारा तो माणूस आता मात्र नक्की आला असता. नको होतं ते तिला. ते ओझं तिला उचलायचं नव्हतं. सांगलीची तारीख सुनेने घेऊन ठेवली होती, तोवर निभेल.

एका संध्याकाळी तो काठानं चालता चालता बोलत होता. फोनमधून वाऱ्याचा आणि काठीचा आवाज येत होता. म्हणाला, डाक्टरीणबाईंनी सपाटीवर फिरायला सांगितलंय न्हवं, फिरतीस का? ती म्हणाली, रोज. मग त्याने लहान पोरासारखं विचारलं, “आता माझ्यासंगं चालतीस? थोडं. फोन कानाला ठिवून.”

ती खाटेच्या काठावर बसली होती. तिने शिवांजलीला खूण केली आणि सुनेने कोपऱ्यातले बूट आणून सासूच्या पायांत घातले, नाड्या बांधल्या. बूट आता इतके मऊ झाले होते की पाऊल आपोआप आत गेलं.

“निघाले,” ती म्हणाली, आणि बसल्या जागी फरशीवर पाय आपटायला लागली. एक, दोन. एक, दोन. उचलायचा तर गुडघा, पण टाच तेवढी उचलली जात होती. पलीकडं त्याची काठी तिच्या तालावर पडायला लागली. तो सांगत होता, डाव्या हाताला हरभऱ्याचं रान आहे, उजवीकडं पाणी, पाण्यावर ऊन उतरलंय. शिवांजली भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने तोंड गुडघ्यांत घातलं.

थोड्या वेळाने काठीचा ताल संथ झाला. सयाजी म्हणाला, “थांबू या का?”

विजयमालाने तोंडापासून फोन लांब धरला, श्वास एकदा आत घेतला, आणि परत जवळ आणला.

“का ओ,” ती म्हणाली, “दमलासा?”