निजून टायर निवडणारा सदू

सदू मेस्तला मी पहिल्यांदा पाहिलं ते आडवं. कोल्हापूरला नर्सिंगचं शिक्षण संपवून मी मालवणच्या एका दवाखान्यात रुजू व्हायला आले होते. पन्नासचं दशक संपत आलं होतं. हातात ट्रंक घेऊन फाटकात शिरले तर आवारात एक अवाढव्य हिरवी स्टेशन वॅगन धुरळा उडवत गोल गोल फिरतेय. चालवताहेत खुद्द डॉक्टर. मागचं दार सताड उघडं, आत गादीवर चाळिशी ओलांडलेला एक काळासावळा माणूस उताणा पडलेला आणि त्याच्या पोटावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी तांब्या. मला वाटलं, पोटदुखीवर इकडचा काही तरी अघोरी उपाय चाललाय. गाडी थांबल्याबरोबर मी ट्रंक तिथंच टाकून धावले आणि त्याची नाडी धरली.

त्यानं शांतपणे मनगट सोडवून घेतलं. सदरा पोटावर ओला झाला होता. तो उठून बसला आणि डॉक्टरांना म्हणाला, "डॉक्टरानू, पाणी सांडला. पाठलो डावो टायर बदलूक व्हयो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमी नवीन नर्सबाय? माझी नाडी बरी आसा. गाडयेची बिघडली." डॉक्टर हसत खाली उतरले. मी मात्र पहिल्याच दिवशी फजिती झाली म्हणून आठवडाभर त्या माणसाशी बोलले नाही. त्याचं त्याला काहीच नव्हतं. तो रोज सकाळी "नर्सबाय, बरी मां?" म्हणायचा आणि आपल्या कामाला लागायचा.

ती वॅगन मुंबईतल्या कुणा मालवणकर शेठजींनी दवाखान्याला दिलेली. तोवर आसपासच्या गावांतल्या अडलेल्या बायका बैलगाडीतून नाही तर डोलीतून यायच्या आणि पुष्कळदा उशीर झालेला असायचा. सदूनं मागच्या सीटा काढून तिथं काथ्याची गादी घातली. गाडी त्याच्या ताब्यात आली त्या दिवसापासून तिचा मालक डॉक्टर नाही, शेठजी नाहीत, आणि आपण तर नाहीच, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. "गाडी कोणाची? पाठी निजलेली आसा, तिची," असं तो कुणालाही सुनवायचा. एकदा डॉक्टरांच्या पाहुण्यांनी वेंगुर्ल्याला फिरायला जाण्यासाठी गाडी मागितली, तेव्हा त्यांनाही सुनवलं. पाहुणे रागावले. डॉक्टरांनी मध्ये पडायचं टाळलं, कारण सदूपुढे त्यांचं फारसं चालत नसे.

टायर हा त्याचा जीव की प्राण. खारा वारा लागू नये म्हणून जादा टायर ओल्या गोणपाटात गुंडाळून माडाच्या सावलीत ठेवायचा. रोज सकाळी अनवाणी पायानं चारही टायर दाबून बघायचा आणि खाचांत अडकलेले खडे चमच्याच्या दांड्यानं काढत बसायचा. नवा टायर बघायला गेला की आधी वास घ्यायचा, मग कडेला अंगठ्याचं नख रुतवायचा. नख रुतलं तर रबर "जिता", नाही तर "मेला". दुकानदारानं टायर कितीही काळा कुळकुळीत करून ठेवलेला असो, सदू नख लावून म्हणायचा, "ह्यो मेलोलो आसा. पुरान टाका." पण ह्या सगळ्याच्या पुढची शेवटची परीक्षा असायची ती निजून. दुसऱ्या कुणाला तरी चालवायला बसवून हा मागे तांब्या घेऊन पडायचा. "टायर चालवणाऱ्यान पसंत करूचो नाय. निजलेल्याक इचारूचा," हे त्याचं बोलणं मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मीच त्याच्या आधी म्हणून दाखवायला लागले. मग तो खूष व्हायचा.

माझं तिसरं वर्ष चालू होतं तेव्हा चारही टायर एकदम बदलायची वेळ आली. नवे टायर सहजासहजी मिळायचे दिवस नव्हते ते. कसालला हमरस्त्यावर एक टायरवाला होता, त्याच्याकडे आमच्या मापाचे चार-चार टायरांचे दोन जोड आल्याचा निरोप आला. डॉक्टर, सदू आणि मी, तिघेही गेलो. मला कशाला नेलं ते तेव्हा कळलं नाही. एक जोड होता लष्करातून निघालेला, जाडजूड आणि दातेरी. हाताचं बोट आत जाईल एवढ्या खाचा. दुसरा जोड लांब लांब रेघांचा, अंगानं नरम. टायरवाला दातेरी टायरावर थाप मारून म्हणाला, "मिल्ट्रीचो माल आसा. रणात चलता."

"माका रणात खंय जावचा आसा?" सदू म्हणाला. "माका बाळंतपणाक जावचा आसा."

डॉक्टरांना दातेरीच हवे होते. पावसाळ्यात गाडीवाटांवर गुडघाभर चिखल होतो, तिथं रेघांचे टायर काय कामाचे, असं त्यांचं म्हणणं. सदूचं म्हणणं, चिखल चार महिने, जांभ्या दगडाचा खडखडीत रस्ता बारा महिने, आणि दातेरी टायरांवर पोटुशी बाई म्हणजे उखळात घातलेली. दोघे हमरीतुमरीवर आले. शेवटी दोन्ही जोड आळीपाळीनं लावून बघायचं ठरलं. टायरवाला तयार होईना, तेव्हा डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या गल्ल्यावर ठेवलं. आणि मग सदू माझ्याकडे वळला. "आज मी निजणंय नाय. बायलमाणसाक इचारूया. नर्सबाय, तुमी निजा."

भर बाजारात मी गाडीत आडवी पडले. हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. दातेरी टायरांवर अर्ध्या मैलात माझे दात एकमेकांवर आपटायला लागले, कंबर भरून आली. रेघांच्या टायरांवर मला चक्क डुलकी लागली असती. मी उठून बसले आणि ठामपणे सांगितलं, "रेघांचे घ्या." डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही दोघं एका बाजूला, मी काय बोलणार?" सदूचा चेहरा त्या दिवशी उजळून निघाला होता. परतीच्या वाटेवर तो गुणगुणत होता. मलाही फार मोठं काही केल्यासारखं वाटत होतं. आज ते आठवलं की स्वतःचीच कीव येते.

त्याच पावसाळ्यात, आषाढात, आतल्या एका वाडीवरून जानकी नावाच्या पोरीचा निरोप आला. पहिलटकरीण, दोन दिवस कळा, मूल आडवं. भर दुपारी आम्ही तिला गाडीत घातलं. दवाखान्यात डॉक्टर ऑपरेशनची तयारी करून बसले होते. वाडीच्या खाली सातेरीच्या देवळाजवळ एक वहाळ, म्हणजे ओढा, आहे. जाताना त्याच्यावरची ठेंगणी मोरी कोरडी होती, परत येईपर्यंत तिच्यावरून पाणी चढलं होतं. पाणी उथळ होतं तिथून ओलांडावं म्हणून सदूनं बाजूच्या मळ्यातून गाडी घातली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. रेघांमध्ये चिखल भरून टायर गुळगुळीत झाले होते.

त्यानं काय नाही केलं. झाडांचे टहाळे तोडून घातले, गोणपाट घातलं, अंगातला सदरा घातला. वाडीतली माणसं खांदा लावायला धावली. मी आत लाकडी नळी जानकीच्या पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकत होते. सदू दर थोड्या वेळानं चिखलानं भरलेलं तोंड खिडकीतून आत घालायचा आणि हळूच विचारायचा, "आसा?" मी म्हणायचे, "आहे." पहिल्यांदा ठोके चांगले होते. मग मंदावत गेले. गाडी निघायला दीड तास लागला असेल, आणि ती निघाली तेव्हा त्यानं पुन्हा विचारलं. मी नळी जागा बदलून बदलून लावत राहिले. तो वळून जाऊन स्टिअरिंगवर बसला.

डॉक्टरांनी जानकीला वाचवलं. मूल गेलं होतं. मुलगा होता. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिला सांगायचं तेच सांगितलं, देवाच्या मनात नव्हतं, तुझा जीव वाचला हे काय थोडं आहे. मीही तेच म्हणाले, आणि तेही अगदी सफाईनं. तेवढ्यात सदू दारात येऊन उभा राहिला. बायकांच्या खोलीत तो कधी पाऊल टाकत नसे, त्या दिवशीही उंबऱ्याबाहेरच थांबला.

"बाय," तो जानकीला म्हणाला, "चिखलात चलणारे टायर डॉक्टर घेय होते. मी घेवक दिलंय नाय. माझा चुकला. देवाक मधी हाडू नको."

मला असा राग आला त्याचा. मी त्याला बाहेर व्हरांड्यात ओढत नेलं आणि बोलले, नाही नाही ते बोलले. ओल्या जखमेवर मीठ चोळायची ही वेळ आहे का, काय मिळालं तुला? तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "ती उद्या उठान इचारतली, उशीर कित्या झालो? तेव्हा कोण सांगतला?" खरं म्हणजे राग मला माझाच आला होता. निजून कौल देणारी मी होते. डॉक्टरांना दातेरी हवे होते हे मला माहीत होतं, आणि जानकीपुढे ते बोलायचं धाडस मला झालं नव्हतं. सदूनं माझं नाव घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतर कधीही नाही.

त्यानं किल्ली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं, मूल गाडी अडकण्याआधीच थकलेलं होतं, वेळेवर आणलं असतं तरी वाचलं असतंच असं नाही. सदू म्हणाला, "नसताच वाचला, असा तुमी सांगशात?" डॉक्टर खरं बोलणारे होते, त्यांनी किल्ली उचलून खणात ठेवली. कसालचे दातेरी टायर अजून तिथंच पडून होते. सदूनं स्वतः जाऊन ते आणले, स्वतः बसवले, आणि नव्यानं ठेवलेल्या तरुण ड्रायव्हरच्या हातात गाडी दिली.

गाडी सोडली, टायर काही सोडले नाहीत. रोज सकाळी यायचा, खडे काढायचा, हवा बघायचा. दातेरी टायरांत हवा थोडी कमी ठेवली तर दणके कमी बसतात, हे त्यानं शोधून काढलं. मग रस्ता बघून कुठं किती हवा ठेवायची ते नव्या ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा सांगायचा. तो पोरगा वैतागून म्हणायचा, "मेस्तानू, मगे तुमीच चलवा नाय." सदू खाली मान घालून पंप उचलून निघून जायचा. असं वर्ष गेलं, वर एक दिवाळी गेली. तो हसायचा पूर्वीसारखाच, पण गाडीत बसायचा म्हणून नाही.

त्यानंतरच्या श्रावणात एका सकाळी जानकीची सासू डोक्यावरून इरलं पांघरून, चिंब भिजून दवाखान्यात आली. पहाटेपासून चालत आली होती. जानकीला पुन्हा दिवस भरले होते, कळा सुरू झाल्या होत्या. तरुण ड्रायव्हर लगेच किल्ली घेऊन उठला. म्हातारी म्हणाली, "ह्यो नको. ती म्हणता, मेस्त येयत तर गाडयेत बसतंय. नाय तर घराकच ऱ्हवतंय."

सदू तिथंच टायरापाशी उकिडवा बसलेला. त्याच्या हातातला चमचा खाली पडला. "माका जमाचा नाय, आये," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाकय घेवन जा. माझे हात कापतत." म्हातारी त्याच्यापुढे चिखलातच बसली. विनवणी नाही, रडणं नाही, नुसती बसून राहिली. डॉक्टरांनी किल्ली ड्रायव्हरच्या हातातून घेतली आणि सदूच्या पुढ्यात धरली. मग सदू उठला, हात धोतराला पुसले आणि म्हणाला, "नर्सबाय, चला."

परतताना वहाळापाशी त्यानं जानकीसकट गाडी थांबवली. खाली उतरून काडीनं चारही टायरांची हवा थोडी थोडी सोडली. मग कमरेएवढ्या पाण्यात शिरून पायांनी चाचपत वहाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालून आला. पलीकडचा चढ हातानं खरवडून बघितला. जानकी कळांनी विव्हळत होती आणि मला त्याच्यावर ओरडावंसं वाटत होतं, पण तो घाई करेना. मग गाडीत बसला, एकदा मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि गाडी पाण्यात घातली. दातेरी टायरांनी पलीकडचा चिखल धरला आणि गाडी एका दमात वर आली. पुढचा सगळा खडखडीत रस्ता त्यानं पायी चालणाऱ्याच्या वेगानं काढला. खड्डा दिसला की आधी सांगायचा, "बाय, आता दणको इलो हां, हात घट धर."

दुपारी मुलगी झाली, धडधाकट, घसा फोडून रडणारी. मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा सदू पायरीवर बसला आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडला. त्यानंतर त्याची नजर अधू होईपर्यंत, आठ-नऊ वर्षं, ती गाडी त्यानंच चालवली. मी तोवर लग्न होऊन पुण्याला गेले होते. तो गेल्याचं पत्र डॉक्टरांनी लिहिलं. मोजक्या चार ओळी होत्या आणि त्यातल्या दोन आसवांनी पुसट झाल्या होत्या, त्यांच्या की माझ्या, ते आता सांगता येत नाही.

वहाळ ओलांडून वर आलो तेव्हा मी जानकीला एक विचारलं होतं. सकाळपासून माझ्या मनात सलत होतं ते. चांगला तरणाबांड, निधड्या छातीचा ड्रायव्हर असताना तिनं ह्यालाच का बोलावलं, आणि त्याच माणसाबरोबर त्याच वाटेनं जायला तिला भीती नाही का वाटली? दोन कळांच्या मध्ये तिनं डोळे उघडले आणि पुढे वाकून गाडी चालवणाऱ्या त्याच्या पाठीकडे बघितलं.

"माका भ्या वाटता, बाय," ती म्हणाली. "पण तेका माझ्यापेक्षा जास्ती वाटता. म्हणान बसलंय."